बाळाच्या हिरडीवरचा गोळा

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या ओठांमधून गुलाबी, गुळगुळीत मांसाचा गोळा बाहेर आलेला दिसला की आईबापांच्या मनात आधी कर्करोगच येतो. पण नवजात बाळाच्या तोंडात गाठ आढळणं मुळात दुर्मीळ, आणि आढळतात त्यांतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. (हिरडीवरचे किंवा टाळूवरचे बारीक पांढरे दाणे यात धरू नयेत. ते पुष्कळ बाळांना असतात आणि आपोआप जातात.)

यातली सगळ्यांत चमत्कारिक गाठ म्हणजे जन्मजात एप्युलिस. नॉयमन या जर्मन डॉक्टरांनी १८७१ मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं. ती बहुधा वरच्या हिरडीवर, पुढच्या बाजूला, सुळ्याच्या जागेजवळ येते आणि देठावर लोंबते. आकार काही मिलिमीटरपासून कित्येक सेंटिमीटरपर्यंत असू शकतो. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये ती आठ-दहा पट जास्त दिसते. म्हणून आईच्या संप्रेरकांवर संशय घेतला गेला; पण गाठीच्या पेशींवर त्या संप्रेरकांचे ग्राहक, म्हणजे संप्रेरक जिथे येऊन चिकटतं त्या जागा, सहसा सापडत नाहीत, त्यामुळे तो संशय अजून संशयच आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना खेटून बसलेल्या मोठमोठ्या, कणीदार पेशी दिसतात. मोठ्या माणसांच्या जिभेवर येणारी कणीदार पेशींची गाठ हुबेहूब अशीच असते, पण तिच्यात एस-१०० नावाचं प्रथिन मिळतं आणि बाळाच्या गाठीत मिळत नाही. म्हणजे दिसायला जुळ्या असल्या तरी दोघींचं कूळ वेगळं.

मला नवल वाटतं ते तिच्या वागण्याचं. पोटात असताना वाढणारी ही गाठ जन्मानंतर वाढायची थांबते. लहान असेल तर कधीकधी आपोआप आक्रसते. कापताना थोडा भाग मागे राहिला तरी ती पुन्हा उगवत नाही. त्यामुळे सर्जन हिरडी खोलवर खरवडत नाहीत, देठाशी कापून मोकळे होतात, आणि आतल्या दातांच्या अंकुरांना धक्का लागत नाही. बाळाला दूध ओढता येत असेल, श्वास मोकळा असेल, तर थोडं थांबलं तरी चालतं.

कापलेली गाठ मात्र तपासायला पाठवायलाच हवी. वरच्या जबड्यात येणारी एक निळसर-काळपट, रंगद्रव्याची गाठ झपाट्याने हाड पोखरते आणि काढल्यावर परत येऊ शकते. तिला इतकी सवलत देता येत नाही.

टेराटोमा म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या ऊतींची मिसळ असलेली गाठ. टाळूपासून निघणारा टेराटोमा, म्हणजे एपिग्नाथस, तर घशाची वाटच बुजवतो. गर्भाला गर्भजल गिळता येत नाही, ते साठत जातं, आणि सोनोग्राफीत त्यावरून शंका येते. मग प्रसूतीच वेगळी आखतात. सिझेरियनमध्ये बाळाचं डोकं आणि खांदे तेवढे बाहेर घेतात, नाळ कापत नाहीत. वारेतून प्राणवायू मिळतोय तोवर श्वासनलिकेत नळी सरकवायची. नाहीच जमलं तर गळ्याला छेद देऊन वाट करायची. नाळ त्यानंतर कापतात.