रेकॉर्डवरचे संशयित: नोंदवहीपासून संगणकापर्यंत

गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की पोलिस ठाण्यांतून ‘रेकॉर्डवरच्या’ लोकांना बोलावणी जातात. कुणाकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र, कुणाला तडीपारीची नोटीस, तर कुणाला जुन्या कलम १५१ खाली (आता नव्या संहितेचे १७०) चोवीस तास आत. त्या रेकॉर्डवर नाव चढले कसे, हे सहसा कुणी विचारत नाही.

याचे मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात सापडते. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि १९११ पासून सगळ्या ब्रिटिश मुलखात तो लागू झाला. सरकारने जमात गुन्हेगार ठरवली की तिच्यातली माणसे नोंदवहीत. एकाचाही गुन्हा शाबित व्हावा लागत नसे, आणि त्या अधिसूचनेविरुद्ध कोर्टात दादही मागता येत नसे. रोजची हजेरी, गाव सोडायला पास. बिनपासाचा सापडला की वॉरंटाशिवाय अटक. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना ठेवायच्या सरकारी वसाहतीत, पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहिली. म्हणजे पुराव्यावरून नोंद नव्हे, उलट नोंद हाच पुरावा.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात जमातीऐवजी व्यक्ती आली. ठाण्यातली हिस्ट्रीशीट, म्हणजे संशयितावर नजर ठेवण्यासाठी पोलिसांनी ठेवलेली त्याची नोंद, मात्र चालूच राहिली.

२००९ मध्ये मंजूर झालेल्या सीसीटीएनएस या पोलिसांच्या गुन्हे-नोंदींच्या संगणक-जाळ्याच्या प्रकल्पाने देशभरातली ठाणी संगणकाने जोडली. खरी गोम इथे आहे. गुन्हा दाखल झाला की नोंद लगेच चढते. निर्दोष सुटका होते ती कित्येक वर्षांनी, आणि ती कुणीतरी आठवणीने भरावी लागते. नाक्यावरच्या हवालदाराला दिसतो तो फक्त जुना गुन्हा.

मे २०२४ मध्ये दिल्लीतले आमदार अमानतुल्ला खान यांच्या हिस्ट्रीशीटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटमध्ये अल्पवयीन नातेवाइकांची नावे घालण्यावर बोट ठेवले आणि यांत्रिकपणे होणाऱ्या नोंदींकडे सगळ्या राज्यांना लक्ष द्यायला सांगितले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, तुरुंगांतल्या जातिभेदावरच्या निकालात, विमुक्तांना, म्हणजे एकेकाळी गुन्हेगार ठरवलेल्या या जमातींना, मनमानी अटक होऊ नये असेही बजावले.

दरम्यान २०२२ च्या ओळखविषयक कायद्याने अटक झालेल्याचे ठसे, बुबुळे वगैरे ७५ वर्षे ठेवायची मुभा दिली आहे. निर्दोष सुटल्यास ती नष्ट करण्याची तरतूद आहे, पण पूर्वी शिक्षा झालेल्याला ती लागू नाही आणि कोर्ट लेखी कारण देऊन ती रोखूही शकते. शिवाय ही सवलत ठसे-बुबुळांसारख्या मापांपुरतीच. हिस्ट्रीशीटला ती शिवतही नाही.