जलशीतन ठोकळा, घरगुती बनावटीचा

जलशीतन ठोकळा : संगणकाच्या प्रोसेसरवर दाबून बसवलेला, आतून पाणी खेळवलेला धातूचा पोकळ ठोकळा. बोलण्यात सर्रास वॉटर ब्लॉक. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्याच्या तळातून पाण्यात उतरते, पंप ते पाणी रेडिएटरकडे ढकलतो आणि पंखा ती उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. प्रस्तुत नोंद तयार मिळणाऱ्या ठोकळ्यांविषयी नसून, कोल्हापूरसारख्या यंत्रकामाच्या गावात एखादा नग कसा उतरवता येतो त्याविषयी आहे.

उगम : याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार या ठोकळ्याचे मूळ मोठ्या व्यापारी संगणकांत आहे. आयबीएमच्या 3081 या संगणकात (1980) प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा लहान दट्ट्या, भोवती हीलियम वायू आणि वर पाणी फिरणारी थंड पट्टी अशी रचना होती. आयबीएमने त्याआधीच्या, 1960 नंतरच्या दशकातील काही संगणकांतही पाण्याचा वापर केला होता. दुसरे मत असे की, घरगुती ठोकळ्याचा या परंपरेशी फारसा संबंध नाही. 1998 मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन 300ए हा प्रोसेसर 300 ऐवजी 450 मेगाहर्ट्झवर सहज चालत असे. अशा वाढीव वेगाच्या हौसेतून उष्णतेचा प्रश्न उभा राहिला आणि हौशी मंडळींनी मोटारीतील हीटरचा गाभा, मत्स्यालयाचा पंप आणि घरी घडवलेला तांब्याचा ठोकळा एकत्र जोडला. आयबीएमची थंड पट्टी पाहून कोणी घरी ठोकळा केला असे दिसत नाही, तर मोटारीचे सुटे भाग या जोडणीत उघडच दिसतात. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वेगाची हौस त्याआधीही होती. त्यामुळे घरगुती ठोकळ्याचा आरंभ 1998 च्या थोडा मागेपुढे धरण्यास हरकत नाही.

पाण्यासाठी ठोकळ्याच्या तळात पाडलेल्या खाचांच्या बारीकपणाचे मूळ मात्र वेगळे आहे आणि त्याविषयी वाद नाही. 1981 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील टकरमन व पीझ यांनी सिलिकॉनच्या चकतीत सुमारे 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमी.चा हजारावा भाग) रुंद व 300 मायक्रॉन खोल खाचा पाडून त्यांतून पाणी सोडले. दर चौ. सेंमी.ला 790 वॉट उष्णता वाहून नेताना चकतीचे तापमान केवळ 71° से.ने वाढले. त्यामागील तत्त्व सोपे आहे. अरुंद खाचेत पाण्याचा प्रवाह स्तरीय (भोवरे न उठता थराथराने सरकणारा) राहतो आणि स्तरीय प्रवाहात भिंतीकडून पाण्याला उष्णता मिळण्याचा दर खाचेच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. खाच निम्मी केली की दर जवळपास दुप्पट होतो, शिवाय तेवढ्याच जागेत दुप्पट खाचा मावतात. पाण्यात भोवरे उठले पाहिजेत, प्रवाह खळाळता हवा, या समजुतीने सुरुवातीच्या अनेक ठोकळ्यांत नागमोडी रुंद मार्ग कोरले गेले. ते दिसायला देखणे, पण उष्णता नेण्यात मागे पडणारे.

खाचांचा हिशेब : 40 मिमी. लांब, 4 मिमी. खोल व 1 मिमी. रुंद अशा 20 खाचा आणि त्यांमध्ये तितक्याच जाडीच्या पात्या (धातूच्या उभ्या भिंती) घेतल्यास पाण्याला भिडणारे क्षेत्रफळ सुमारे 72 चौ. सेंमी. भरते. रुंदी व पात्यांची जाडी दोन्ही अर्धा मिमी. ठेवल्यास 40 खाचा बसतात व क्षेत्रफळ 136 चौ. सेंमी. होते. पातळ पाती टोकाकडे थोडी थंड राहते, तो तोटा वजा करूनही पाण्याकडील उष्णतारोध सुमारे एक तृतीयांशावर येतो. त्याची किंमत पंप मोजतो, कारण त्याच प्रवाहाला दाबाची घट तिप्पट-चौपट होते. वाळ्याच्या कूलरमधला साधा बुडीत पंप येथे दम सोडतो. याउलट तळाची जाडी, जिच्यावर हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात, ती तुलनेने गौण आहे. 40 मिमी. चौरसावर उष्णता सारखी पसरली आहे असे धरल्यास 3 मिमी. तांब्यात 150 वॉटला एक अंशसुद्धा जात नाही. तळ आणि प्रोसेसर यांमधील उष्णतावाहक पेस्टचा थर 50 मायक्रॉनऐवजी 100 मायक्रॉन झाला तर त्याहून जास्त अंश जातात. सपाटपणाचे महत्त्व यातच आहे.

धातू : तांब्याची उष्णता संवाहकता सुमारे 390 वॉट प्रति मीटर प्रति अंश, शुद्ध ॲल्युमिनियमची 237, पितळेची साधारण 110 ते 120. चांदी 429 वर आहे, पण तिचा ठोकळा करण्याचा प्रश्न येत नाही. तांबे मिळण्याची सोपी जागा म्हणजे विजेच्या पॅनेलसाठी लागणारा बसबार. तो किलोवर मिळतो आणि 10 किंवा 12 मिमी. जाडीची पट्टी या कामाला पुरते. बसबारचे तांबे बहुधा ईटीपी जातीचे, म्हणजे अल्प ऑक्सिजन असलेले असते. उष्णता नेण्यात ते उत्तम, पण गॅसच्या ज्योतीने ब्रेझिंग (दुसरा धातू वितळवून सांधणे) केल्यास ज्योतीतील हायड्रोजन आत शिरतो, ऑक्सिजनशी मिळून वाफ होते आणि धातू कणांच्या सीमेवर तडकतो. त्यामुळे बसबारच्या ठोकळ्याला झाकण डाग देऊन जोडण्यापेक्षा स्क्रू व ओ-रिंगने (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याने) आवळणे बरे. टेल्युरियम मिसळलेले तांबे कापायला कितीतरी सोपे आहे. सुकर कापणीच्या पितळेला 100 गुण धरले तर त्याला 85 आणि ईटीपी तांब्याला 20 देतात. संवाहकता मात्र 355 च्या आसपास उतरते. एकच नग करायचा असेल आणि टेल्युरियम तांबे हाती असेल, तर हा तोटा खुशाल सोसावा.

कोल्हापूर : शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत येथील फौंड्री व मशीन शॉप प्रामुख्याने बिडाच्या ओतीव भागांवर पोसलेली आहेत. मोटारींचे, पंपांचे, ऑइल इंजिनांचे भाग हा येथील मुख्य माल. वॉटर ब्लॉक हा या कारखानदारीचा माल नव्हे. तो फार तर एका नगाचे जॉबवर्क, आणि मोठ्या लॉटसाठी लावलेले मशीन एका नगासाठी मोकळे मिळत नाही. एक-दोन मिलिंग मशीन असलेले छोटे शॉप व चहाच्या वेळेची ओळख हाच त्याला व्यवहार्य मार्ग.

येथील यंत्रकौशल्याचा वारसा सांगताना बाबूराव पेंटर यांच्या चित्रपट कॅमेऱ्याचा उल्लेख हमखास होतो. तो 1918 च्या सुमारास कोल्हापुरात पुरा झाला. आरंभ आनंदराव पेंटर यांच्यासह झाला, त्यांच्या निधनानंतर (1916) विष्णुपंत दामले यांचे साहाय्य झाले, असे सामान्यतः मानतात. कोणता भाग कोणी घडवला याविषयी सांगणाऱ्यागणिक फरक पडतो. परदेशी वस्तू समोर ठेवून ती आपल्या लेथवर उतरवण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच म्हणता येईल. त्यापलीकडे संबंध जोडणे म्हणजे ओढूनताणून आणलेली परंपरा होय.

यंत्रण : बिडावर तयार झालेल्या हाताला तांबे परके वाटते. बीड कोरडेच कापले जाते, त्याचा चुरा होतो आणि टेबल झाडले की काम संपते. तांबे चिकट असते. ते कटरच्या धारेला लपेटते, छिलका लांब दोरीसारखा निघतो आणि ड्रिल आरपार जाताना एकदम ओढ घेते. धार ताजी हवी, पुढचा कोन मोठा हवा आणि रॉकेल किंवा कटिंग ऑइल सतत हवे. व्हाइसचे कडक जबडे तांब्यावर वळ उठवतात, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घालतात.

खाचा एंड मिलने (उभ्या दांडीसारख्या कटरने) न पाडता आर्बरवर (मशीनच्या फिरत्या दांड्यावर) लावलेल्या स्लिटिंग सॉने (पातळ गोल करवतीने) पाडणे इष्ट. अर्धा मिमी. जाडीचे पान मिळते, पण ते जरा डगमगले तरी पाती वाकते आणि एक वाकली की शेजारची खाच बुजते. अनुभवी मिस्त्री 0.8 मिमी.चे पान सुचवतात. पंपाचा विचार करता हा सल्ला योग्य वाटतो. प्रत्येक खाचेनंतर कडेला उभी राहिलेली बर (धातूची खरखरीत कोर) तेव्हाच काढावी लागते. शेवटी एकदम काढू म्हटले की ती आत दुमडते, आणि पुढे पाण्याबरोबर आलेला कचरा तिथेच अडकतो.

क्रम महत्त्वाचा आहे. बसबार ओढून तयार केलेला असल्याने त्यात अंगचा ताण असतो. एका बाजूला खाचा पडल्या की पट्टी किंचित कमानदार होते. म्हणून तळ आधी घासून ठेवण्यात अर्थ नाही. खाचा, ओ-रिंगचा गाळा (ती बसवण्याची खोबण) आणि स्क्रूची भोके झाल्यावरच तळाची घासणी करावी. जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून 400, 800 व 1200 अशा क्रमाने, ठोकळा इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासतात. हात डुलला की कडा खाली जातात आणि तळाला पोट येते. सरफेस प्लेटवर निळा रंग लावून ठोकळा टेकवला की हे लगेच कळते : रंग मधेच उमटतो, कडा कोऱ्या राहतात. आरशासारखी चकाकी हा सपाटपणाचा पुरावा नव्हे. बफ मारून चमकवलेला तळ बहुतेकदा बिघडलेलाच असतो.

झाकण व आटे : झाकण ॲक्रिलिकचे किंवा ॲसिटल या प्लॅस्टिकचे. ॲक्रिलिकमधून पाणी दिसते हा त्याचा गुण. स्पिरिटने पुसल्यावर भोकांभोवती केसासारख्या चिरा पडतात हा दोष. ॲसिटल दिसायला साधे, पण निर्धोक. गाळ्यासाठी 2 मिमी. व्यासाची नायट्राइल दोरी घेतल्यास खोली 1.5 मिमी. ठेवतात, म्हणजे दोरी चतुर्थांश दाबली जाते.

नळीच्या जोडासाठी पाव इंची समांतर बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचे) आटे रूढ आहेत : इंचाला 19 आटे, 55° कोन, बाहेरील व्यास 13.157 मिमी. हायड्रॉलिक व न्यूमॅटिक कामामुळे हा टॅप कोल्हापुरात कोणत्याही बऱ्या शॉपमध्ये सापडतो. अमेरिकी एनपीटी आटे इंचाला 18 व 60° कोनाचे, शिवाय निमुळते. दोन आटे जुळल्यासारखे वाटतात आणि मग अडतात. निमुळता नर जोड ॲक्रिलिकमध्ये पाना लावून आवळणे म्हणजे पाचर ठोकणे होय.

बसवणी : भोकांचे अंतर सॉकेटनुसार (प्रोसेसर ज्यात बसतो त्या जागेच्या प्रकारानुसार) बदलते. इंटेलच्या 1155, 1151 व 1200 या सॉकेटना 75 मिमी.चा चौरस, 1700 ला 78 मिमी.चा, एएमडीच्या एएम4 ला 54 × 90 मिमी. बैठकीची पट्टी वेगळी केल्यास पुढे सॉकेट बदलला तरी ठोकळा टाकावा लागत नाही.

पाणी : बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरतात. मिनिटाला एक लिटर प्रवाह असला तर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे 70 वॉट लागतात. त्यामुळे जोडणीतल्या घटकांचा क्रम फारसा महत्त्वाचा नाही. हल्लीचे मोटारीचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात आणि तांब्याच्या ठोकळ्याशी एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून जुना तांबे-पितळेचा गाभा शोधावा. शेवाळ धरू नये म्हणून चांदीच्या तारेचे वेटोळे पाण्यात सोडण्याची रीत आहे. चांदीकामाचे गाव हुपरी जवळ असल्याने कोल्हापुरात अशी तार मिळणे अवघड नाही. निकेल मुलामा असलेल्या भागांसोबत मात्र चांदी टाळतात. एप्रिल-मे महिन्यांत खोलीतील हवाच 35° से.च्या पुढे गेली की पाणी त्याहून थंड होणे शक्य नाही, ठोकळा कितीही उत्तम उतरला तरी. जोडणी पुरी झाल्यावर ती संगणकाबाहेर, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून 24 तास चालवून पाहतात.