तुपाचा दाखला आणि टक्क्यांचा हिशेब

खानापूर-बेळगाव भागातल्या पंगतीत हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, तुपाची धार पडली की एक दाखला हमखास निघतो: आमचे आजोबा वाटीने तूप खायचे आणि नव्वदीतही शेतावर जायचे. दाखला खोटा नसतो. पण तसेच तूप खाऊन पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेला आजोबांचा भाऊ साक्षीला पंगतीत बसलेला नसतो. अलीकडे या दाखल्याला मोबाइलवर आलेल्या एका विधानाचीही जोड मिळते: कोलेस्टेरॉल कमी असलेले लोक म्हातारपणी लवकर मरतात.

हे विधान अगदीच हवेतले नाही. होनोलुलूतील ७१ ते ९३ वर्षे वयाच्या ३,५७२ जपानी वंशाच्या अमेरिकी पुरुषांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत सर्वांत कमी कोलेस्टेरॉलच्या गटातच मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक निघाले. संशोधकांनाही त्याचा उलगडा करता आला नाही. मात्र कर्करोग, यकृताचे विकार आणि कुपोषण यांत कोलेस्टेरॉल आपोआप उतरते. निपाणीकडचा तंबाखू पिकवणारा एखादा म्हातारा सहा महिन्यांत दहा किलोने वाळला आणि त्याच्या रिपोर्टवर कोलेस्टेरॉलचा १३० इतका कमी आकडा आला, तर तो आकडा दुखण्याचे कारण नसून दुखण्याची खूण असण्याचाच संभव अधिक.

कार्य आणि कारण यांची अशी अदलाबदल टाळायची, तर ज्यांचे कोलेस्टेरॉल आजारामुळे नव्हे, जन्मापासूनच कमी आहे अशी माणसे पाहावी लागतात. २००६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पाहणीत पीसीएसके९ या जनुकातील विशिष्ट बदलामुळे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, २८ टक्क्यांनी कमी असलेल्यांत हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. निष्कर्ष मोलाचा आहे, पण त्यामागची माणसे मोजली तर असा बदल असलेले अवघे ८५ जण होते आणि त्यांपैकी एकालाच हा विकार झाला. आणखी दोघांना झाला असता तरी ८८ हा आकडा बराच खाली आला असता.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांची बाजू घेणारेही टक्क्यांचा आधार घेतात. रक्तदाबाच्या १०,३०५ रुग्णांवरील २००३ च्या चाचणीत अॅटोरव्हास्टॅटिन या अशा औषधामुळे हृदयविकाराचे झटके ३६ टक्क्यांनी घटले, म्हणजे सुमारे सव्वातीन वर्षांत शंभरांमागे ३ चे १.९ झाले. उलट १९९४ च्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ जणांत, सिम्व्हास्टॅटिन या त्याच जातीच्या औषधाने झालेली घट ३० टक्केच दिसते; पण तिथे मोजले होते ते मृत्यू. साडेपाच वर्षांच्या आत जवळपास सारख्याच आकाराच्या दोन गटांत ते २५६ विरुद्ध १८२ होते, म्हणजे शंभरांमागे तिघांहून अधिक जण वाचले.