ब्लॅकचं तिकीट म्हणजे गुन्हाच?

बेसबॉलचं तिकीट छापील किमतीहून महाग विकणं हा अमेरिकेत सरसकट गुन्हा आहे, हा समज जुनाच. थिएटरबाहेर पुटपुटत तिकिटं विकणारे पाहिलेल्या आपल्याला तो पटतोही. पण तो चुकीचा आहे.

पुनर्विक्रीवर बंदी घालणारा देशव्यापी कायदा तिथे नाहीच. प्रत्येक राज्याचं वेगळं. न्यूयॉर्कने 2007 मध्ये किमतीवरची मर्यादा उठवली. मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या कायद्यात मूळ किमतीवर फक्त 2 डॉलर आणि सेवाखर्च एवढीच मुभा, तरी बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाची तिकिटं चढ्या दराने फिरतातच! आणि गंमत म्हणजे 2007 मध्येच मेजर लीग बेसबॉल या तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगने स्टबहब या पुनर्विक्री कंपनीशी अधिकृत करार केला. 2023 मध्ये ती जागा सीटगीक या तशाच कंपनीकडे गेली. म्हणजे ज्याला आपण काळाबाजार म्हणतो, त्याचं दुकान लीगच्याच आशीर्वादाने चालतं.

मग देशभर बेकायदा काय? बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं उचलणारे संगणकीय प्रोग्रॅम, वापरून खरेदीची मर्यादा चुकवणं. त्यासाठी 2016 चा ‘बॉट्स’ कायदा आहे. त्याखाली पहिली कारवाई मात्र थेट 2021 मध्ये झाली.