लाल भोपळ्याने कुत्र्याचे पोट बरे होते का?

वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश: कुत्र्याला लाल भोपळा द्या, जुलाब आणि बद्धकोष्ठता दोन्ही जातात, बिया दिल्या की जंतही पडतात, औषध नको.

यातला पहिला भाग निराधार नाही. भोपळ्यातला विरघळणारा तंतू पाणी धरून ठेवतो, त्यामुळे सौम्य बिघाडात पातळ शी थोडी घट्ट होते आणि कडक शी मऊ. पण प्रमाण बघा. भोपळ्यात 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उकडलेल्या 100 ग्रॅममध्ये तंतू साधारण एक ग्रॅम. चमचाभर गराने किती फरक पडणार? शिवाय जुलाब हे लक्षण आहे. पार्वोसारख्या विषाणूवर किंवा जंतांवर गराचा उपाय चालत नाही.

बियांचे म्हणाल, तर त्यांतल्या क्युकरबिटिन या घटकाचा जंतांवर परिणाम होतो असे प्रयोगांत दिसले आहे. कुत्र्याला किती बिया द्याव्यात, याचे भरवशाचे प्रमाण मात्र ठरलेले नाही.

जंत आहेत की गेले, याची पडताळणी सोपी आहे. ताज्या शीचा नमुना पशुवैद्यकाकडे द्या. अंकुशकृमी या आतड्यातल्या जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, त्यामुळे शी वरून स्वच्छ दिसली म्हणून जंत गेले असे होत नाही.

द्यायचाच तर नुसता उकडलेला गर द्या. घरची भाजी नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक. रक्त पडत असेल, उलट्या होत असतील किंवा पिल्लू मलूल असेल, तर भोपळा शिजवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.