बँकेने ताबा घेतलेलं घर: घेणाऱ्यांसाठी, विकणाऱ्यांसाठी आणि भाडेकरूंसाठी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात 'ताबा सूचना' छापून येते. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, थकलेली रक्कम, फ्लॅटचा क्रमांक, चतुःसीमा. ती वाचून आमच्याकडे तीन तऱ्हेची माणसं येतात. एकाला ते घर स्वस्तात मिळेल असं वाटत असतं, दुसऱ्याचं ते स्वतःचं घर असतं आणि तिसरा त्या घरात भाड्याने राहत असतो. तिघांचे प्रश्न वेगळे, पण तिघांनाही आम्ही आधी एकच विचारतो: कुठल्या कागदावर कुठली तारीख आहे? किमतीची चर्चा त्यानंतर. महाराष्ट्रात घर घेणाऱ्या, विकणाऱ्या आणि भाड्याने राहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक लिहिलं आहे.

घर कुठल्या टप्प्यावर आहे?

हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की बँक ते खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए, धरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात दावा न लावता गहाण घर विकून कर्ज वसूल करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खाली मागणी नोटीस येते. तिची मुदत ६० दिवसांची. या काळात कर्जदार लेखी हरकत घेऊ शकतो आणि ती मान्य नसेल तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. बरेच जण ही नोटीस कपाटात ठेवून देतात. तसं करू नका. हातात सगळ्यात जास्त पर्याय याच ६० दिवसांत असतात.

रक्कम भरली गेली नाही तर कलम १३(४) खाली बँक ताबा घेते. बहुतेक वेळा आधी प्रतीकात्मक ताबा घेतला जातो: दारावर सूचना चिकटवतात आणि ७ दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. माणसं मात्र अजून घरातच असतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सहसा कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. आदेश झाला की अधिकारी पोलीस बंदोबस्तात येतात, पंचनामा होतो, कुलूप बदलतं, सील लागतं. या दोन ताब्यांमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात आणि घेणाऱ्याचे पैसे अडकतात ते नेमके याच मधल्या काळात.

पुढे लिलाव. पहिल्या लिलावाची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. तो फसला तर पुढच्या वेळी १५ दिवसांची सूचना पुरते.

शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. सहकारी बँका तो वापरू शकतात, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते स्पष्ट केलं. पतसंस्थेची वाट मात्र वेगळी आहे: ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि वसुली अधिकारी जप्ती व विक्री करतो. म्हणून कागद आणताना धनको बँक आहे, गृहवित्त कंपनी आहे की पतसंस्था, ते आधी सांगा.

लिलावातलं घर घेणार असाल तर

जाहिरातीत राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली बोली घेत नाहीत तो आकडा, ठळक असते, पण तुम्ही आधी ताब्याचा प्रकार कुठे लिहिलाय ते शोधा. तिथे 'प्रतीकात्मक' असेल तर बोली जिंकूनही किल्ली हातात यायला वेळ लागू शकतो. तोवर तुमचा कर्जाचा हप्ता आणि राहत्या घराचं भाडं दोन्ही चालू. सरकारी बँकांचे लिलाव 'बँकनेट' पोर्टलवर दिसतात, तिथेही हीच गोष्ट आधी पाहा. प्रतीकात्मक ताब्यातलं घर आम्ही फक्त अशाच ग्राहकाला सुचवतो ज्याला लगेच राहायला जायचं नाही आणि ज्याचे सगळे पैसे त्यात अडकणार नाहीत.

दुसरी ओळ म्हणजे 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे'. वाचताना ती सवयीची वाटते, पण जबाबदारी तिथेच तुमच्याकडे सरकते. सोसायटीचा मेंटेनन्स थकलेला असतो, मालमत्ता कर थकलेला असतो, वीज तोडलेली असते. वीजबिलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे की वीजपुरवठ्याच्या नियमांत तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. सोसायटी थकबाकी मिळेपर्यंत भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) नावावर करायला तयार नसते. त्यामुळे बोलीच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि थकबाकीचा आकडा लेखी मागा. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळते जी कुठल्याच जाहिरातीत नसते: घरात सध्या कोण राहतंय आणि भावाभावांचा दावा चालू आहे का.

पैशाचं वेळापत्रक फार कडक आहे. समजा राखीव किंमत ४२ लाख. अनामत बहुधा १० टक्के असते, म्हणजे ४ लाख २० हजार तुम्ही आधीच भरले. तुमची बोली ४६ लाखांवर मान्य झाली. आता त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, एकूण २५ टक्के पुरे करायचे: साडेअकरा लाख, म्हणजे आणखी ७ लाख ३० हजार. उरलेले साडेचौतीस लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँक लेखी मुदतवाढ देऊ शकते, पण ३ महिन्यांपुढे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त होतात आणि घर पुन्हा लिलावाला निघतं.

इथे गृहकर्जावर विसंबणारे अडकतात. १५ दिवसांत अर्ज, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन आणि वाटप हे सगळं होईल असं धरून चालू नका. आधी मंजुरीपत्र घ्या, तेही लिलावाच्या मालमत्तेवर कर्ज देणाऱ्या बँकेचं, आणि मगच बोली लावा. लिलाव करणारी बँकच कर्ज देत असेल तर काम सोपं होतं, पण दर दुसरीकडेही विचारा.

४६ लाखांवर खर्च थांबत नाही. मुद्रांक शुल्क, १ टक्का नोंदणी शुल्क (कमाल ३०,००० रुपये), थकबाक्या, दुरुस्ती हे सगळं वर येतं. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारीही तुमची. बंद पडलेल्या घरात नळजोडणीपासून वायरिंगपर्यंत खर्च निघतो, म्हणून पाहणीच्या दिवशी जरूर जा आणि सोबत प्लंबर किंवा गवंडी न्या. हे सगळं बेरजेत धरल्यावर बाजारभावापेक्षा फारसा फरक उरत नसेल तर सरळ मालकाकडून घर घेतलेलं बरं, असा आमचा स्पष्ट सल्ला असतो. अशा वेळी मिळणारी बचत पुढच्या कटकटीच्या मानाने अपुरी असते.

कागदांची तपासणी बँकेने केलीच असेल, या भरवशावर राहू नका. बँकेने ती तिच्या कर्जापुरती केलेली असते. ३० वर्षांच्या मालकीचा शोध, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र हे तुमच्या वकिलाने पाहायला हवं. सेरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीत त्याच घरावर दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, ते नाममात्र शुल्क भरून कुणालाही पाहता येतं. कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज केला आहे का, तेही विचारा. सगळे पैसे भरल्यावर बँक विक्री प्रमाणपत्र देते. तुमच्या मालकीचा कागद तोच.

एक धोक्याची जागा वेगळी सांगायला हवी. कधी कधी मालक स्वतःच म्हणतो, "बँकेचं मी बघतो, तुम्ही टोकन द्या." मागणी नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकायला किंवा भाडेपट्ट्याने द्यायला कलम १३(१३) मनाई करतं. असं टोकन रोख तर नाहीच, पण चेकनेही मालकाच्या नावाने देऊ नका. पैसे बँकेच्या कर्जखात्यातच गेले पाहिजेत.

हप्ते थकले असतील आणि घर तुमचं असेल तर

आमच्याकडे लोक लिलावाची जाहिरात हातात घेऊन येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, लिलाव होईपर्यंत नाही. अनेकांना अजून जुनाच नियम ठाऊक आहे आणि ते नातेवाइकांकडून पैसे जमवत लिलावाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबतात.

पुन्हा हप्ते भरता येतील असं दिसत नसेल तर घर स्वतः विकणं हा बहुतेक वेळा चांगला मार्ग आहे. लिलावातली राखीव किंमत काढताना घाईच्या विक्रीचा भाव धरला जातो, तुम्ही स्वतः विकलंत तर बाजारभावाच्या जवळ जाता. पद्धत अशी: बँकेकडून आजच्या तारखेचं थकबाकीपत्र घ्या, त्यात दररोज वाढणाऱ्या व्याजाचा आकडा असू द्या. बँकेकडे जमा असलेल्या कागदपत्रांची यादी घ्या. ग्राहक मिळाला की त्याच्या बँकेचा पहिला चेक तुमच्या कर्जखात्यात जातो, बोजा उतरतो, उरलेली रक्कम तुम्हाला मिळते. नोटीस आली असेल तर बँकेची संमती लेखी हवी, शाखेतल्या साहेबांनी तोंडी 'हो' म्हटलेलं पुरत नाही. ग्राहकापासून काही लपवू नका. सेरसाईत आणि सूचीत त्याला ते दिसणारच आहे, आणि त्याला नंतर कळलं तर व्यवहार मोडतो.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

बँकेची कारवाई चुकीची वाटत असेल तर ताब्याच्या पावलापासून ४५ दिवसांत डीआरटीत कलम १७ खाली अर्ज करता येतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला न्यायाधिकरणं आहेत. केवळ वेळ काढण्यासाठी अर्ज करू नका. वकिलाची फी जाते आणि व्याज वाढत राहतं.

लिलाव झालाच, तर हिशेब मागायचा तुमचा हक्क शिल्लक असतो. थकबाकी आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम बँकेने तुम्हाला परत द्यायची असते. उलट, आलेली किंमत कमी पडली तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते. जामीनदार बऱ्याचदा मेहुणा किंवा मित्र असतो आणि त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला आधीच कल्पना द्या.

वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. धमकी, शिवीगाळ किंवा शेजाऱ्यांसमोर बदनामी झाली तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. हप्ता थकला म्हणून माणसाची अब्रू काढण्याचा हक्क कुणाला मिळत नाही.

त्याच इमारतीत तुमचंही घर विकायचं असेल तर

ग्राहक हमखास लिलावाचा आकडा दाखवून भाव पाडतो. त्याला ताब्याचा प्रकार, थकबाकी आणि १५ दिवसांची मुदत दाखवा. तुमच्या घराची किल्ली व्यवहाराच्या दिवशी मिळणार आहे, कागद स्वच्छ आहेत, कर्ज काढायला पुरेसा वेळ आहे. या गोष्टींची किंमत असते आणि ती मागायला संकोच नको.

भाड्याने राहत असाल तर

मालकाने हप्ते थकवलेत हे भाडेकरूला बहुधा दारावर सूचना लागल्यावरच कळतं. भाडं वेळेवर भरूनही माणूस अडचणीत येतो, आणि या सगळ्यात त्याची बाजू ऐकून घेणारा कुणी नसतो.

तुमची बाजू किती भक्कम आहे हे करारावर ठरतं. ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार म्हणजे राहण्याची परवानगी. त्यात कुळाचा हक्क मिळत नाही. भाडेपट्टा बँकेच्या गहाणाच्या आधीचा असेल आणि तो कागदांनी सिद्ध करता येत असेल तर परिस्थिती वेगळी असते. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या कुळांना सरफेसी कायद्याने सरसकट बाहेर काढता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. मात्र नोंदणी नसलेल्या किंवा नुसत्या तोंडी भाडेपट्ट्याच्या आधारे एक वर्षापेक्षा जास्त काळाचा हक्क सांगता येणार नाही, असंही २०१९ च्या निकालात आहे. म्हणून कराराची नोंदणी कधीही टाळू नका. महाराष्ट्रात ती करून घेण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकलेली आहे. भाडेकरूलाही आपला हक्क मांडायला डीआरटीत जाता येतं.

डिपॉझिट हा सगळ्यात दुखरा भाग. ते तुम्ही मालकाला दिलेलं असतं, बँक किंवा लिलावातला नवा मालक ते परत करेल अशी अपेक्षा धरता येत नाही. सूचना दिसताच मालकाला लेखी कळवा आणि डिपॉझिट पुढच्या भाड्यातून वळतं करून घेण्याबद्दल त्याची लेखी संमती मिळवा. बँकही भाडं मागू लागली तर दोघांनाही लिहून विचारा, उत्तर येईपर्यंत भाड्याची रक्कम बाजूला ठेवा, खर्च करू नका. बँकेच्या अधिकाऱ्याला करार दाखवा आणि घर सोडायला ठरावीक मुदत मागा. शाळेचं वर्ष संपेपर्यंत किंवा महिनाअखेरपर्यंत थांबण्याची विनंती लेखी केली तर ती मान्य झाल्याचं आम्ही पाहिलं आहे. रिकामं आणि सांभाळलेलं घर बँकेलाही हवं असतं.

नवीन घर भाड्याने घेताना कर्ज चालू आहे का ते विचारा आणि शेवटच्या काही महिन्यांचा हप्त्याचा उतारा पाहायला मागा. मोठं डिपॉझिट आणि कमी भाडं, असा प्रस्ताव असेल तर विशेष जपून. करारात एक वाक्य घालून घ्या: बँकेची नोटीस आल्यास मालकाने ७ दिवसांत कळवावं आणि डिपॉझिट भाड्यात वळतं करावं.

आमच्याकडे येताना

आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट आणा, कारण पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख कधी कधी पत्रावरच्या तारखेइतकीच महत्त्वाची ठरते. दारावरच्या सूचनेचा फोटो, जाहिरातीचं कात्रण, कर्जखात्याचा वर्षभराचा उतारा, खरेदीखत किंवा भाडेकरार आणि सोसायटीचं शेवटचं बिल सोबत असू द्या. ४५ किंवा ६० दिवसांपैकी किती उरलेत ते आम्ही आधी मोजतो. थोडेच उरले असतील तर वेळ ठरवायची वाट न पाहता सरळ या.