मध्यक की केंद्र? वस्तीतला संडास ‘मधोमध’ बांधताना

दाट वस्तीत सार्वजनिक संडास कुठे बांधायचा, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, ‘मधोमध’. पण गणितात मधोमध या एका शब्दाच्या पोटात दोन वेगळ्या जागा आहेत: मध्यक आणि केंद्र.

एक सरळ गल्ली धरू. तोंडाशी 40 घरं, 50 मीटर आत 30, 100 मीटरवर 20 आणि पार टोकाला, 300 मीटरवर, 10. सगळ्यांची मिळून पायपीट कमीत कमी होते ती जागा मध्यक. इथे ती 50 मीटरवर येते. सरासरी चाल 55 मीटर, पण टोकाच्या घरांना 250. सर्वांत लांबच्या घराचं अंतर कमीत कमी करणारी जागा म्हणजे केंद्र, इथे 150 मीटरवर. तिथून कुणालाच 150 मीटरपेक्षा जास्त चालावं लागत नाही. सरासरी मात्र 115 वर जाते.



आता टोकाची 10 घरं 600 मीटरवर नेऊन पाहा. मध्यक जागचा हलत नाही! अलीकडे किंवा पलीकडे निम्म्यापेक्षा जास्त घरं नकोत, एवढंच तो पाहतो. पलीकडची किती लांब, हे त्याला दिसतच नाही. केंद्र मात्र 300 वर सरकतं. मला हा फरक सगळ्यांत मोलाचा वाटतो.

वाचनालयाला मध्यक चालेल. संडासाला नाही. रात्री अंधारातून 250 मीटर जावं लागू नये म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पिणं टाळतात. त्यांचा हा त्रास दुसऱ्या कुणाची पन्नास पावलं वाचल्याने भरून निघत नाही.

अभियंते एस. एल. हकीमी यांनी 1964 मध्ये या दोन्ही जागा तारा किंवा रस्ते यांच्या जाळ्यावर मांडल्या. त्यांच्यासमोर एक प्रश्न टेलिफोन एक्सचेंज कुठे बसवायचं, हा होता. मध्यक नेहमी जाळ्याच्या एखाद्या बिंदूवर, म्हणजे घर किंवा चौक असलेल्या जागी, सापडतो, हे त्यांनी सिद्ध केलं. केंद्र दोन बिंदूंच्या मध्येही पडू शकतं, जसं आपलं 150 मीटरचं, जिथे एकही घर नाही.

अंतर मात्र पायवाटेनेच मोजायचं. नाल्यापलीकडचं घर नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं. साकव नसेल तर तिथल्या माणसाला सगळी वस्ती वळसा घालून यावं लागतं.